मधले महिने

सुनेला पाचवा महिना लागला आणि माईंचा जीव भांड्यात पडला. पहिले तीन महिने त्या घराने काय काय पाहिलं होतं! सकाळी डोळे उघडले की ओकाऱ्या, कुकरची शिट्टी झाली की नाक दाबून पळापळ, साबणाचा वाससुद्धा सोसवत नव्हता पोरीला. आता सगळं थांबलं होतं. सून दोन घास जास्त जेवत होती, गालांवर रंग आला होता. एकदा तर भाजी चिरता चिरता ती मध्येच थबकली, पोटावर हात ठेवला आणि डोळे मोठे करून म्हणाली, "माई, आत मासोळी सुळकन फिरल्यासारखं झालं!"

"झालं तर मग," माई हसून म्हणाल्या. "आता मधले महिने सोन्याचे. सुरुवातीची कटकट संपली आणि शेवटची धाकधूक अजून लांब आहे. खुशाल काम करावं, खुशाल झोपावं."

वाचकहो, असं किती घरांत म्हटलं जातं! त्यात खोटं फारसं नसतंही. पण सोन्याच्या महिन्यांवरही नजर ठेवावी लागते, हे त्या घरात कुणी म्हटलं नाही.

माईंचं घराच्या पुढच्या खोलीत कपडेदुरुस्तीचं दुकान होतं. कुणाची पँट लांडी करायची, कुणाची कंबर वाढवायची, कुणाच्या जाकिटाला चेन बसवायची. हाताला वळण असं, की उसवलेलं कुठे होतं ते गिऱ्हाइकालाही सापडू नये. जिभेलाही तशीच धार. त्यांचे यजमान, नाना, उभी हयात छापखान्यात राबले होते. यंत्रांच्या धडधडीत कान गेले ते गेलेच. घरात त्यांच्याशी बोलायचं तर ओरडून, नाहीतर समोर तोंड करून. मुलगा फ्रिज दुरुस्त करायचा आणि दिवसभर गावभर फिरायचा. सून चपला-बुटांच्या मोठ्या दुकानात होती. तिथे बसायची सोय गिऱ्हाइकांना, विकणाऱ्यांना नाही. वरच्या फळीवरचं खोकं हवं असलं की शिडी लावायची आणि चढायचं.

डॉक्टरबाईंनी पाचव्या महिन्यातली मोठी सोनोग्राफी सांगून ठेवली होती. बाळाचं हृदय, पाठीचा कणा, हातपाय, वार कुठे आहे, गर्भपिशवीचं तोंड नीट मिटलेलं आहे की नाही, सगळं त्यात दिसतं म्हणाल्या होत्या. सुनेने त्यासाठी आपली सुट्टीही राखून ठेवली होती. पण नेमकं त्याच आठवड्यात माईंकडे शाळेच्या गणवेशांचं काम येऊन पडलं. शाळा उघडायला आली होती आणि खोलीत निळ्या कापडाचे ढीग लागले होते.

"अगं, पोर पोटातच आहे ना? कुठे पळून जातंय?" माई दातांत दोरा तोडत म्हणाल्या. "एवढे गणवेश उरकू दे, मग जाऊ की. तेवढी पट्टी दुमडून दे मला."

सून पट्टी दुमडायला बसली. पुढच्या सुट्टीला मुलाला कुठलंसं शीतगृह बंद पडल्याचा फोन आला आणि तेही राहिलं. राहिलं म्हणजे कुणी मुद्दाम राहू दिलं असं नाही. आपल्याकडे बाईची तपासणी अशीच राहते.

मग एक दिवस सून म्हणाली, "माई, खाली जरा जड जड वाटतंय. कंबरही धरलीय कालपासून."

दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं होती. माईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "जड वाटणारच! पोटात काय कापूस भरलाय? तुझ्या नवऱ्याच्या वेळी मी नववा सरेपर्यंत पाण्याच्या बादल्या दोन जिने चढवल्यात!"

गिऱ्हाइकं हसली. सूनही हसली. पण खाली बसताना तिने टेबलाची कड घट्ट धरली, हे माईंच्या नजरेतून सुटलं नाही. दिसलं, पण मनावर घेतलं नाही.

तिने नवऱ्यालाही सांगून पाहिलं. तो वाईट नव्हता. बायकोचे पाय चेपून द्यायचा, येताना फळं आणायचा. पण असला विषय निघाला की त्याचे कान लाल व्हायचे. "दिवसभर उभी असतेस, कंबर दुखणारच," तो म्हणाला. "माईला विचार ना. मला त्यातलं काय कळतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सून स्वयंपाकघरात माईंच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली. बोलू की नको, असं तिचं चाललं होतं. शेवटी हळूच म्हणाली, "माई, अंगावरून पाणी जातंय. परत परत कपडा ओला होतोय."

माईंनी आधी वळून नानांकडे पाहिलं. ते दाराशी पेपर घेऊन बसले होते.

"हळू बोल की!" माई कुजबुजल्या. "जातं सगळ्यांचंच थोडंफार. एवढ्यातेवढ्यासाठी डॉक्टरकडे धावायचं आणि तिथल्या टेबलावर जाऊन पडायचं, हौस आहे का कुणाला?"

"काय म्हणतेय ती?" नानांनी पेपर खाली केला.

"काही नाही!" माई मोठ्याने म्हणाल्या. "बायकांचं आहे!"

तिथे तो विषय संपला. सुनेने डबा भरला, पिशवी खांद्याला लावली आणि ती कामावर गेली.

दुपारी बुटांच्या दुकानातून फोन आला. शिडीवरून उतरताना तिच्या पोटात कळ आली होती आणि ती शिडीलाच धरून खाली बसली होती. तिथल्या दोघी मुलींनी तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं होतं. माई हातातला गणवेश तसाच सुईखाली सोडून निघाल्या. नाना चपला शोधत मागून आले, मुलगा परस्पर पोहोचला.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच माईंना कळलं.

"पिशवीचं तोंड उघडलंय," त्या म्हणाल्या. "पाण्याची पिशवी फुटलीय. आता थांबवता येणार नाही. आणि बाळ इतकं लहान आहे, की बाहेर आल्यावर त्याला श्वास घेता येणार नाही."

"काहीच नाही का करता येणार?" मुलाने विचारलं. त्याच्या हातात अजून दुरुस्तीचा पाना होता.

"जड वाटायला लागलं, पाणी जायला लागलं, तेव्हा आली असती तर काहीतरी प्रयत्न करता आला असता. कधी टाका घालतो, कधी औषध देतो. वाचलंच असतं असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण प्रयत्न करता आला असता." मग त्यांनी विचारलं, "तिने घरी कुणाला सांगितलं नव्हतं का?"

मुलाने आईकडे पाहिलं. माईंनी जमिनीकडे पाहिलं.

मुलगी झाली. दोन तळहातांत मावेल एवढी. बोटांना नखं होती, भुवयांच्या जागी मऊ रेघ होती. छाती थोडा वेळ हलल्यासारखी दिसली आणि मग हलायची थांबली. नर्सने तिला स्वच्छ कपड्यात गुंडाळलं आणि दारात येऊन विचारलं, "आईला बघायचंय का?"

"नको, नको!" माई पटकन पुढे झाल्या. "दाखवू नका तिला. बघितलं नाही तर लवकर विसरेल."

आतून सुनेचा आवाज आला. रडून रडून बसलेला, पण स्पष्ट. "माझी आहे ती. आणा इकडे."

नर्सने तिला सुनेच्या कुशीत दिलं. नवरा पलंगाशी गुडघे टेकून बसला. नाना मोठ्या, फाटक्या आवाजात म्हणाले, "मुलगी का? नात झाली मला?" आणि कुणाची पर्वा न करता ढसाढसा रडले. माई तेवढ्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांनी नातीचं तोंड पाहिलं नाही.

घरी आल्यावर माईंनी स्वतःला कामाला जुंपून घेतलं. मशीन दिवसभर धडधडत होतं. सून आतल्या खोलीत पडून असायची. कुणी आलं की माई उंबऱ्यातूनच वाटेला लावायच्या. समोरची शेजारीण फळं घेऊन आली तेव्हाही माई म्हणाल्या, "अहो, जरा पोट बिघडलं होतं तिचं. राहिलं नाही. असतं एकेकाचं नशीब. वय काय झालंय? वर्षभरात पुन्हा होईल."

नाना कोपऱ्यात बसले होते. ऐकू येत नसलं तरी माणसांच्या ओठांवर त्यांची नजर पक्की होती. ते उठून उभे राहिले.

"पोट बिघडलं होतं?" ते गरजले. "पोट बिघडलं नव्हतं! नात गेली आपली!"

शेजारणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने फळं तिथेच ठेवली, माईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेली.

माई संतापल्या. "सगळं चव्हाट्यावर मांडायची गरज होती का?"

"लेकराचं नाव काढलं की चव्हाटा होतो का गं?" नाना आता शांत झाले होते. "पाय मोडला तर आपण सगळ्या आळीला सांगतो. दात काढला तरी चार जणांना तोंड उघडून दाखवतो. आणि बाईच्या पोटात कळ आली की कुजबुज! त्या कुजबुजीतच पोर गेली आपली. पाणी जातंय असं ती सांगत होती आणि तू मला म्हणालीस, बायकांचं आहे. माणसाच्या जिवाचं होतं ते, बायकांचं कसलं!"

"मला काय ठाऊक, असं होईल म्हणून?"

"तुला नाही तर कुणाला ठाऊक?" नाना म्हणाले. "आपला पहिला असाच गेला ना, सहाव्या महिन्यात? माझ्या आईने खोलीचं दार लावून घेतलं. मलाही म्हणाली, बायकांचं आहे, तू बाहेर बस. तेव्हा माझे कान चांगले होते गं. आत तू रडत होतीस ते ऐकू येत होतं मला. तरी मी बाहेर बसून राहिलो. त्यानंतर तू त्याचं नाव काढलं नाहीस आणि मला काढू दिलं नाहीस. काय मिळालं त्यातून? आपल्याला झालं ते आपण बोललो असतो, तर त्या पोरीला भीती कशाची बाळगायची ते तरी कळलं असतं!"

माई तरातरा मोरीकडे गेल्या. त्यांना तोंडावर पाणी मारायचं होतं. पण तिथे सून होती. पाटावर बसून ती आपला ब्लाउज पिळत होती. अंगावरचा दुसराही पुढून भिजला होता. छाती दगडासारखी ताठली होती, हे नुसतं बघूनच कळत होतं.

सुनेने वर पाहिलं. "दूध आलंय, माई," ती म्हणाली. "हे असं येतं हे कुणी सांगितलंच नाही मला. कुणासाठी आलंय हे?"

 माई तिथेच ओल्या फरशीवर बसल्या. सासूने छातीवर करकचून बांधलेला पंचा, आणि 'कुणाजवळ बोलू नकोस' म्हणून दटावणारे डोळे, सगळं त्यांच्यापुढे उभं राहिलं. किती वर्षं झाली त्याला!

"माझंही आलं होतं," माई म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याच्या आधीचा. मुलगा होता. मला दाखवला नाही कुणी."

सुनेने पिळलेला ब्लाउज खाली ठेवला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "असं होऊ शकतं हे तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला चार माणसांत विचारलंत, पोटात कापूस भरलाय का म्हणून?"

 

"न बोलता मी जगले," माई म्हणाल्या. "म्हणून मला वाटलं, न बोलता जगता येतं. चुकलं माझं. पोरी, फार चुकलं!"

"मला आत्ता तुमच्याशी बोलायचं नाहीये."

"नको बोलूस. पण असं एकटीने सोसू नकोस." माई उठल्या. त्यांनी थंड पाण्यात फडकं भिजवून आणलं, तिच्या हाती दिलं आणि बाहेर जाऊन मुलाला हाक मारली. मोठ्याने, नानांनाही ऐकू जाईल अशी. "इकडे ये! तिला दूध आलंय, छाती दुखतेय तिची. डॉक्टरबाईंना फोन लाव आणि काय करायचं ते विचार. आणि तूच विचार, मला पुढे करू नकोस!"

मुलाचे कान लाल झाले. पण त्याने फोन लावला आणि अडखळत अडखळत सगळं विचारलं.

सून काही दिवस माहेरी गेली. परत आली ती पूर्वीसारखी नव्हती. कामाला हात लावायची, विचारलं तर उत्तर द्यायची, पण माईंच्या जवळ येऊन बसायची नाही. माईंनी तक्रार केली नाही. कपडा उसवतो टर्रकन आणि शिवावा लागतो टाक्याटाक्याने, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? आठवडाभराने त्या तिच्याबरोबर आणि मुलाबरोबर डॉक्टरबाईंकडे गेल्या. 'पुढच्या वेळी काय सांभाळायचं?' हे माईंनीच विचारलं. डॉक्टरबाईंनी सांगितलं ते तिघांनी ऐकलं, आणि घरी येऊन मुलाने नानांना ओरडून ओरडून सगळं सांगितलं. शेजारच्या खिडक्या उघड्या होत्या. माईंनी एकही लावली नाही.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी दुकानात एक तरुण बाई आली. बरोबर तिची सासू होती. कामावर घालायच्या दोन पँटी कंबरेत वाढवून हव्या होत्या. माईंनी टेप लावला तेव्हाच त्यांना कळलं.

"कितवा?"

"पाचवा सरत आला," सासूच बोलली. "आता काही त्रास नाही. मधले महिने मजेचे!"

टेप ओढला तशी ती बाई किंचित वाकली. "जरा हळू हं. पोट मधूनमधून घट्ट होतंय कालपासून, आणि खाली ओढल्यासारखं वाटतंय."

"हिचं रोज काहीतरी असतं," सासू हसली. "आम्हाला काय पोरं झाली नाहीत?"

माईंनी टेप गळ्यात टाकला. दुकानात आणखी एक पुरुष गिऱ्हाईक उभं होतं. पूर्वीच्या माई असत्या तर त्यांनी आवाज खाली केला असता.

"बाई," त्या सासूला म्हणाल्या, "हेच बोलणं माझ्या तोंडी होतं. माझी सून म्हणाली जड वाटतंय, मी थट्टा केली. म्हणाली पाणी जातंय, मी गप्प बसवलं. मोठी सोनोग्राफी करायची होती, मी गणवेश शिवत बसले. माझी नात गेली त्यात. हिची सोनोग्राफी झालीय का?"

"पुढच्या आठवड्यात आहे," तरुण बाई घाबरून म्हणाली.

"मग ती चुकवू नकोस, काही झालं तरी. आणि आज जे होतंय ते आजच दाखव. बहुतेक काही नसेलच. पण ते डॉक्टरला म्हणू दे, आपण नाही म्हणायचं. पाणी गेलं, रक्त दिसलं, पोट पुन्हा पुन्हा आवळायला लागलं, डोकं दुखायचं थांबेना, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंड सुजलं, लघवीला जळजळ झाली, ताप आला, बाळाची हालचाल कमी झाली, तर उद्यावर टाकायचं नाही. नवऱ्यालाही हे सगळं सांगून ठेव. कामावर बसायला खुर्ची माग. अडीनडीला दवाखान्यात कोण नेणार, गाडी कुणाची, हे आत्ताच ठरवून ठेवा. शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका."

"किती घाबरवता हो तिला!" सासू म्हणाली.

"घाबरवत नाही," आतल्या दारातून आवाज आला. सून तिथे उभी होती. कधीची ऐकत होती कोण जाणे. ती बाहेर आली आणि माईंच्या शेजारी उभी राहिली. "मला कुणी एवढं सांगितलं असतं, तर मी त्या दिवशी कामावर गेले नसते. जा तुम्ही. पँटी आम्ही करून ठेवतो."

सासू-सून गेल्या. संध्याकाळी त्या तरुण बाईचा फोन आला. लघवीला थोडा संसर्ग होता, त्याने पोट घट्ट होत होतं, औषध दिलं होतं. बाळ ठीक, पिशवीचं तोंडही ठीक. "उगीच धावलो बघा," सासू मागून म्हणत होती.

"उगीच धावलात हेच छान झालं!" माई फोनवर म्हणाल्या. "असंच उगीच धावत जा!"

बंधूंनो आणि भगिनींनो, गर्भारपण हा आजार नाही, हे खरं. पण तो घरातला गुपचूप कोपराही नाही. मधल्या महिन्यांत बाई बरी दिसते म्हणून तिच्याकडची नजर काढून घेऊ नका. तिची तपासणी आपल्या कामांच्या मागे ढकलू नका. ती जे सांगते ते थट्टेवर नेऊ नका आणि जे तिला सांगता येत नाही ते आपण होऊन विचारा. हे सासूने करावं, नवऱ्याने करावं, तिला कामाला ठेवणाऱ्यानेही करावं. आणि ज्या घरातून एखादं लेकरू असं वाटेतूनच परत गेलं असेल, तिथे 'पुन्हा होईल' म्हणू नका. 'ते लेकरू होतं', एवढं म्हणा.

फोन ठेवून माई मशीनवर बसल्या, पण त्यांना सुईत दोरा ओवता येईना. डोळे भरले होते. सुनेने स्टूल ओढलं आणि कित्येक महिन्यांनी ती त्यांच्याजवळ येऊन बसली.

"माई," ती म्हणाली, "तिचं नाक तुमच्यासारखं होतं. तुम्ही पाहिलं नाहीत ना, म्हणून सांगते."

माईंनी चष्मा काढला. "सांग," त्या म्हणाल्या. "सगळं सांग मला. कशी होती ती?"

आणि सून सांगू लागली.